खरीप कांद्यासाठी लघुकंद : निवड आणि पावसाळ्यापर्यंतची साठवण

ज्यांनी जून महिन्यात खरीप कांद्याचे रोप टाकले आहे, त्यांना रात्रभर कोसळलेल्या पावसानंतर सकाळी वाफ्यांची काय अवस्था होते हे वेगळे सांगावे लागत नाही. उगवून आठ-दहा दिवस झालेली, केसासारखी बारीक रोपे जमिनीलगत कुजून आडवी होतात. मर एका कोपऱ्यात दिसली की दोन दिवसांत अर्धा वाफा मोकळा होतो, आणि महागाचे बी पुन्हा विकत आणून दुसऱ्यांदा टाकेपर्यंत लागवडीचा हंगाम हातातून निसटू लागतो. पावसाळ्यातली ही रोपवाटिका पूर्णपणे टाळण्याचा एक मार्ग आहे. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कांद्याचे बी मुद्दाम दाट पेरावे, त्या दाटीत कांदे बारीकच राहू द्यावेत, ते एप्रिल-मे महिन्यांत काढून पावसाळ्यापर्यंत सांभाळावेत आणि जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत रोपांऐवजी हे बारीक कांदेच शेतात लावावेत. तांत्रिक लिखाणात त्यांना लघुकंद म्हणतात, काही शेतकरी इंग्रजीवरून सेट म्हणतात. राजस्थानात अलवरच्या परिसरात ही पद्धत चांगली रुजलेली आहे. आपल्याकडे तिची माहिती अनेकांना आहे, पण ती करून पाहणारे अजून थोडे आहेत.

या पद्धतीचा लाभ स्पष्ट आहे. चाळीतला, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर छपरातला, रब्बी कांदा संपत आलेला असतो आणि लेट खरिपाचा कांदा अजून शेतात असतो, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काळात लघुकंदांपासूनचे पीक बाजारात येऊ शकते. मात्र हे पीक साधेल की फसेल याचा निर्णय बहुतांशी लागवडीच्या आधीच झालेला असतो. कोणते कंद निवडले आणि एप्रिलपासून ऑगस्टपर्यंतचे तीन-चार महिने ते कसे ठेवले, यांवर पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणून येथे फक्त या दोन कामांविषयी सविस्तर लिहीत आहे.

चिंगळी म्हणजे लघुकंद नव्हे

सर्वांत आधी एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे, कारण या पद्धतीची नाचक्की प्रामुख्याने त्यामुळेच होते. रब्बी कांद्याची प्रतवारी करताना गोल्टीच्याही, म्हणजे लहान आकाराच्या कांद्याच्याही, खाली जो बारीक माल उरतो, त्याला बाजारात चिंगळी म्हणतात. तो स्वस्त मिळतो, दिसायला लघुकंदासारखाच दिसतो आणि म्हणून तोच आणून खरिपात लावण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. चिंगळी हा पुनर्लागवडीच्या पिकातला मागे पडलेला कांदा असतो: कुठे रोप उशिरा लागले, कुठे मूळ कुजले, कुठे फुलकिड्यांनी पात खाल्ली, कुठे वाफ्याच्या टोकाला पाणीच पोहोचले नाही. त्याच्या खुजेपणामागे रोग असण्याची शक्यता मोठी असते, त्यात अनेक शेतांचा आणि अनेक वाणांचा माल मिसळलेला असतो आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो बहुधा रब्बी वाणाचा असतो.

लघुकंद बारीक असतो तो दाटीमुळे. त्याची पात निरोगी असते, ती वेळेवर पिवळी पडते, मान बारीक होऊन मोडते आणि कंद लहान असला तरी पूर्ण पक्व झालेला असतो. लहान आणि पक्व, हे दोन्ही गुण एकत्र असणे हीच लघुकंदाची खरी ओळख आहे. चिंगळीत लहानपणा नक्की मिळतो, पक्वतेची खात्री मात्र कोणीही देऊ शकत नाही.

आकार : येथे मोठे ते चांगले नसते

बियाणे निवडताना टपोरे निवडावे, ही आपल्या हाताला लागलेली सवय आहे. ज्वारीचे कणीस असो की हळदीचे बेणे, भरदार ते ठेवायचे आणि किरकोळ ते बाजूला काढायचे. लघुकंदांच्या बाबतीत ही सवय नुकसान करते. लागवडीसाठी १.५ ते २ सेंटिमीटर व्यासाचा कंद सर्वोत्तम. काचेची खेळायची गोटी साधारण १.६ सेंटिमीटरची असते, तेव्हा ती एक गोटी हातात ठेवून निवड केली तरी डोळ्याला माप बसते. एक सेंटिमीटरच्या आतले कंद साठवणीत सुकून पोकळ होतात आणि उगवले तरी अशक्त उगवतात. २.५ सेंटिमीटरच्या वरचे, म्हणजे सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे कंद लागवडीतून सरळ बाहेर काढावेत.

मोठे कंद का नकोत, याचे कारण समजून घेतले तर निवडताना हात चालतो. कांदा हे मुळात दोन हंगामांचे पीक आहे: पहिल्या हंगामात तो कंद भरतो आणि थंडी अनुभवल्यानंतर दुसऱ्या हंगामात फुलाचा दांडा काढून बी धरतो. रोप किंवा कंद एका विशिष्ट आकाराच्या खाली असेल, तर थंडी लागूनही त्याला फुलावर येता येत नाही. तो अजून बाल्यावस्थेत असतो. कंदात अन्नसाठा जितका अधिक, तितक्या लवकर ही बाल्यावस्था संपते. मोठा लघुकंद लावला की पिकाला थोडी थंडी मिळताच तो कांदा पोसण्याऐवजी डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, काढतो आणि मध्ये कठीण दांडा असलेला असा कांदा बाजारात कवडीमोलाने जातो. शिवाय मोठ्या कंदाच्या पोटात अनेकदा एकाहून अधिक कोंब तयार झालेले असतात, त्यामुळे जोडकांद्यांचे प्रमाणही वाढते. पहिल्या वर्षी मी स्वतः निवडलेल्या कंदांतले मोठे कंद टाकून देण्यास मन धजावले नाही म्हणून ते एका वेगळ्या वाफ्यात लावले होते. त्या वाफ्यातले डेंगळे मोडता मोडता पुढच्या वर्षीची निवड कशी करायची ते मनात पक्के झाले.

आकाराचा संबंध खर्चाशीही आहे. व्यास थोडा वाढला तरी वजन फार वाढते. दीड सेंटिमीटरचा कंद अंदाजे २ ग्रॅमचा, दोन सेंटिमीटरचा ४ ग्रॅमचा, तर अडीच सेंटिमीटरचा ८ ग्रॅमचा भरतो. रुंद गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या सपाट वाफ्यावर, १५ × १० सेंटिमीटर अंतराने लागवड केली तर सऱ्यांची जागा वजा जाता एकरात साधारण दोन लाख कंद बसतात. म्हणजे दीड सेंटिमीटरचे कंद असतील तर एकराला ४ क्विंटल पुरतात, दोन सेंटिमीटरचे असतील तर ८ क्विंटल लागतात, आणि अडीच सेंटिमीटरचे घेतले तर १६ क्विंटल विकत घेऊन वर डेंगळ्यांचा धोका पत्करावा लागतो. विकणारा किलोवर पैसे घेतो आणि आपल्याला शेतात नग लावायचे असतात, ही गोष्ट भाव ठरवताना विसरू नये. गुंठ्या-दोन गुंठ्यांत करून पाहायचे असेल तर गुंठ्याला सुमारे ५ हजार कंद, म्हणजे १० ते २० किलो, एवढा हिशोब पुरे.

प्रतवारीसाठी दोन जाळ्या करून घेतल्या तर काम सोपे होते. एकीची भोके दीड सेंटिमीटरची आणि दुसरीची अडीच सेंटिमीटरची असावीत. मोठ्या भोकांच्या जाळीवर जे राहते ते घरात खायला आणि लहान भोकांतून जे गळते ते पातीच्या कांद्यासाठी, मधले लागवडीसाठी. मधल्या मालात शक्य असेल तर दोन सेंटिमीटरच्या आतले आणि बाहेरचे असे आणखी दोन ढीग करावेत व ते वेगवेगळ्या वाफ्यांत लावावेत, म्हणजे काढणी एकसारखी येते.

वाण आणि माल कोठून आला

वाण खरिपाचाच हवा. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेचे भीमा सुपर, भीमा राज, भीमा डार्क रेड. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे बसवंत ७८० आणि फुले समर्थ. तसेच एन-५३ आणि ॲग्रीफाउंड डार्क रेड हे वाण खरिपासाठी ओळखले जातात. एन-२-४-१ हा टिकाऊपणासाठी नावाजलेला गावरान उन्हाळ कांदा आहे, चाळीत त्याला तोड नाही, पण म्हणूनच कोणी त्याचे लघुकंद खरिपासाठी देऊ लागला तर घेऊ नयेत. तो रब्बीचा वाण आहे.

ऑनलाइन दुकानांत कधीकधी युरोपातील वाणांचे आकर्षक लघुकंद दिसतात. तेथील वाण मोठ्या दिवसाचे असतात. उन्हाळ्यात १४ ते १६ तासांचा दिवस मिळाला की त्यांचा कंद भरू लागतो. नाशिकला वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, आणि खरीप कांदा भरण्याच्या वेळी तर दिवस लहान होत चाललेला असतो. असे कंद येथे लावले तर पात भरपूर येते, कांदा मात्र भरत नाही. हेच उलटही खरे आहे: इंग्लंडमध्ये परसबागेत कांदा लावणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावाकडून नेलेल्या बियांपेक्षा तेथे वसंत ऋतूत मिळणारे स्थानिक लघुकंदच लावावेत, आणि मिळाल्यास उष्णतेची प्रक्रिया केलेले घ्यावेत, कारण ती प्रक्रिया डेंगळे रोखण्यासाठीच केलेली असते.

विकत घेताना विक्रेत्याला वाणाबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: माल आजवर कोठे ठेवला होता? बटाट्याच्या शीतगृहात ठेवलेले लघुकंद कितीही ताजेतवाने दिसले तरी घेऊ नयेत. साधारण ५ ते १५ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात कांद्याला हिवाळा भोगल्याचा अनुभव मिळतो आणि त्याच्या आत फुलाची तयारी सुरू होते. साध्या हवेशीर चाळीत उन्हाळा काढलेले, थोडे सुरकुतलेले कंद त्यांच्याहून कितीतरी चांगले.

गोणी उघडून पाहावी

वरच्या थरावरून गोणीची पारख होत नाही, म्हणून गोणी ओतून घ्यावी किंवा निदान मधून आणि तळातून शंभर कंद काढून घ्यावेत. ते एका चादरीवर पसरून एक-एक हातात घ्यावा. चांगला कंद बोटांनी दाबला तर टणक लागतो, त्याची मान सुकून बारीक झालेली असते, वरचे पापुद्रे कोरडे असून हात फिरवला की सळसळतात आणि बूड कोरडे व अखंड असते. पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसली तर ती काळी बुरशी आहे. बुडाशी पांढरा, कापसासारखा तंतू दिसला किंवा बूड दाबल्यावर मऊ लागले तर मूळकुजीचा संशय घ्यावा. असे कंद केवळ स्वतः वाया जात नाहीत तर रोग आपल्या जमिनीत आणतात आणि तो जमिनीत वर्षानुवर्षे राहतो. मान मऊ आणि आंबूस वासाची असेल तर आत सड सुरू झाली आहे. गोणीत हात घातल्यावर ओलसर ऊब जाणवली, तर पुढची तपासणी करण्याचीसुद्धा गरज नाही.

त्यानंतर दहा-बारा कंद उभे चिरून पाहावेत. आतला कोंब पांढरट आणि आखूड असेल तर कंद अजून सुप्तावस्थेत आहे. कोंब हिरवट होऊन मानेपर्यंत पोहोचला असेल तर तो दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडेल. असा माल लगेच लावायचा असेल तर चालेल, साठवायचा असेल तर नको. एकाच कंदात दोन-तीन कोंब सर्रास दिसत असतील तर जोडकांदे वाढतील हे धरून चालावे. शंभरातले वीस-पंचवीस कंद या ना त्या कारणाने बाजूला काढावे लागले, तर माझ्या मते भाव कितीही कमी असला तरी ती गोणी परत करावी, कारण साठवणीत खराब मालाचे प्रमाण आहे तिथेच थांबत नाही.

काढणी आणि सुकवण

स्वतः लघुकंद तयार करणाऱ्यांची साठवण वाफ्यातच सुरू होते. नत्राची मात्रा जास्त झाली की मान जाड राहते आणि जाड मानेचा कंद टिकत नाही, म्हणून नंतरच्या दिवसांत युरिया टाकू नये. माना पडू लागल्या की पाणी तोडावे. कंद गोटीएवढे झाले पण पात हिरवीगार उभी आहे, अशा वेळी काढणीची घाई केली जाते. त्याऐवजी पाणी तोडून आठ-दहा दिवस थांबावे आणि पात पिवळी पडू द्यावी.

उपटलेले कंद पातीसकट शेतात तीन-चार दिवस सुकवावेत. ओळीने असे पसरावेत की एका ओळीच्या पातीने मागच्या ओळीतले कंद झाकले जातील. एप्रिल-मे महिन्यांतल्या आपल्याकडच्या उन्हात उघडा पडलेला बारीक कंद चक्क भाजतो. भाजलेला भाग आधी पांढुरका आणि मऊ होतो व पुढे तिथूनच सडतो. मोठ्या कांद्याचे एखादे आवरण भाजले तरी आतला कांदा वाचतो, पण दीड सेंटिमीटरच्या कंदाकडे तेवढी जाडी नसते. त्यानंतर दहा-बारा दिवस झाडाखाली किंवा छपराखाली सावलीत पातळ थर देऊन सुकवावे. याच काळात मानेचे तोंड बंद होते आणि पापुद्र्यांना रंग चढतो. अवकाळी पावसाचे वातावरण असेल तर शेतातली सुकवण सोडून माल लगेच छपराखाली न्यावा. भिजलेला लघुकंद नंतर कितीही वाळवला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

साठवण

पात ठेवावी की कापावी, यावर दोन मते आहेत. जागा असेल तर पातीसकट जुड्या बांधून टांगणे मला अधिक पटते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यामागचे तत्त्व लगेच समजेल: वेणीत गुंफलेल्या प्रत्येक कांद्याला सर्व बाजूंनी वारा लागतो, एकाचे वजन दुसऱ्यावर पडत नाही आणि एखादा सडला तरी तो खाली गळून पडतो, शेजाऱ्याला चिकटून राहत नाही. लघुकंदांची नेटकी वेणी घालण्याची गरज नाही. मूठ-दोन मुठींची जुडी सुतळीने बांधून वाशाला किंवा आडव्या बांबूला अडकवली की पुरे. ओल्या पातीच्या जुड्या मात्र बांधू नयेत. जुडीच्या मधोमध ओल राहून पात आणि मान दोन्ही कुजतात.

माल अधिक असेल तर टांगणे शक्य होत नाही. तेव्हा सुकलेली पात कंदापासून दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापावी. अगदी बुडख्यापाशी कापली तर बुरशीला उघडी जखम मिळते. कापलेले कंद बांबूच्या ताट्यांवर किंवा जाळीच्या मांडणीवर एक वीतभर थरात पसरावेत. मोठ्या कांद्यासाठी चाळीत चार-पाच फुटांचा थर चालतो, म्हणून लघुकंदांचाही तसाच ढीग घालणे ही चूक वारंवार होते. कंद जितका लहान तितक्या ढिगातल्या पोकळ्या लहान, आणि पोकळ्या जितक्या लहान तितका वारा आत शिरणे कठीण. वर आणखी मांडण्या करून जागा वाढवावी, थराची जाडी वाढवू नये.

गोणीच वापरायची असेल तर विरळ विणीची तागाची किंवा कांद्याची जाळीदार गोणी घ्यावी, ती अर्धीच भरावी आणि आडवी ठेवावी. खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोण्या, झाकणाचे डबे, पत्र्याच्या कोठ्या या कामासाठी वापरू नयेत. कंद श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते, आणि ते बाहेर जायला वाट नसेल तर दहा-पंधरा दिवसांत गोणीच्या आत घाम सुटतो.

जागा निवडताना तापमानाला घाबरू नये, ओलाव्याला घाबरावे. कांद्याच्या साठवणीला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडचा उन्हाळा याहून तापतो आणि त्यामुळे वजनात घट होते हे खरे. पण याच उष्णतेने कंदातली फुलाची तयारी दबून राहते आणि कोंब झोपून राहतो. थंड देशांत डेंगळे टाळण्यासाठी लघुकंद मुद्दाम उबदार खोलीत ठेवावे लागतात. ते काम आपल्याकडे वैशाख आपोआप करतो. घरातल्या फ्रिजमध्ये लघुकंद ठेवणे ही म्हणूनच पूर्णपणे उलटी काळजी ठरते. अतिरेकी उष्णता मात्र टाळावी: पत्र्याच्या छपराला लागून माल ठेवला तर दुपारी तो अक्षरशः उकडतो. पत्र्याखाली उसाच्या पाचटाचा किंवा गवताचा थर द्यावा आणि माल व पत्रा यांच्यात निदान दोन-तीन फूट मोकळी जागा सोडावी. जमिनीपासूनही दीड-दोन फूट उंची हवी, कारण पावसाळ्यात शहाबादी फरशी आणि कोबा दोन्ही ओल ओढतात. बटाटे, ओला भुईमूग, शेणखत यांच्या शेजारी कंद ठेवू नयेत.

खरी परीक्षा मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते. तोपर्यंत जो माल निर्धास्त असतो, तोच जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात झपाट्याने बिघडू लागतो, कारण हवेतला ओलावा एकदम वाढतो आणि खरीप वाणांची सुप्तावस्था मुळातच आखूड असते. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस, सगळा माल एकदा खाली काढून निवडावा. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूंनी पावसाची झड आत येते, त्या बाजूंना ताडपत्री अशी बांधावी की झड असताना खाली सोडता येईल आणि उघडीप मिळताच गुंडाळून वर करता येईल. ताडपत्री पावसाळाभर सोडलेलीच ठेवणे हे पावसात भिजण्याइतकेच वाईट आहे. झड लागून राहिली आणि हवा कोंदट झाली तर दिवसातून काही तास साधा टेबलफॅन मालावरून वारा जाईल असा लावावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा काळ इतका ओला असतो की तेथे मोठी साठवण करू नये. घरापुरत्या जुड्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीची ऊब पोहोचेल अशा जागी टांगाव्यात.

दर दहा-बारा दिवसांनी माल डोळ्यांखालून घालावा. सडलेला कंद नाकाला आधी कळतो, म्हणून रोज सकाळी दार उघडताच येणाऱ्या वासाकडे लक्ष द्यावे. निवडताना माल फेकू किंवा फावड्याने ओढू नये, कारण ओरखडा पडलेला कंद पुढच्या निवडीत सडका म्हणून बाहेर येतो. मी एका जाळीच्या पिशवीत मोजून एक किलो कंद भरून ती मांडणीच्या मधोमध ठेवतो आणि प्रत्येक निवडीच्या वेळी तिचे वजन करतो. वजन हळूहळू घटत असेल आणि कंद टणक असतील, तर ती केवळ सुकवण आहे. वजन एकदम घटले तर पिशवी उघडून सड कोठे लागली ते पाहतो, आणि मग तसाच शोध सगळ्या मांडण्यांवर घेतो. घट होणारच हे धरून गरजेपेक्षा पाव ते एक तृतीयांश माल अधिक ठेवावा. उरला तर खाता येतो, कमी पडला तर ऑगस्टमध्ये कोठेही मिळत नाही.

लागवडीच्या आधीचे आठ दिवस

शेतात रुंद गादीवाफे तयार होत आले की शेवटची निवड करावी. नुकता कोंब फुटलेला, टणक कंद लागवडीला उत्तम असतो. कोंब बोटभर लांब झाला असेल तर तो मोडू नये. असे कंद वेगळ्या वाफ्यात पातीच्या कांद्यासाठी लावावेत. एकही कोंब दिसत नसेल तर वीस-पंचवीस कंद ओलसर वाळूत आठवडाभर ठेवून उगवण पाहावी. सुटे, फडफडणारे पापुद्रे आणि वाळलेली मुळे हातावर चोळून काढावीत, पण कंद सोलून पांढरा करू नये.

बुरशीनाशकाच्या किंवा ट्रायकोडर्माच्या द्रावणात बुडवायचे असतील तर लेबलवरील मात्रेप्रमाणे, आणि तेही लागवडीच्या दिवशीच. दोन्ही एकत्र मिसळू नयेत, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे. बुडवलेले कंद सावलीत निथळवून त्याच दिवशी लावून टाकावेत. तीन महिने कोरडा सांभाळलेला कंद एकदा ओला केला आणि पाऊस लागल्यामुळे लागवड चार दिवस पुढे गेली, तर गोणीतच मुळे फुटतात आणि बूड कुजू लागते. म्हणून सकाळी वाफसा आहे याची खात्री करावी, मजूर वाफ्यावर आले आहेत हे पाहावे आणि मगच जेवढे कंद संध्याकाळपर्यंत लावून होतील तेवढेच द्रावणात घालावेत.